कॅमेऱ्यासमोर कुणाचं कपाट उघडताना

मुलुंड, रविवार संध्याकाळ

प्रिय मुली,

लोकांची घरं आवरून देण्याच्या आपल्या कामाचे तू पाठवलेले तिन्ही व्हिडिओ पाहिले. एकदा मोबाइलवर, एकदा लेकाने टीव्हीवर लावून दिले तेव्हा. कसे झालेत विचारलंस म्हणून स्पष्ट सांगते, पहिला मला आवडला नाही. एकसारखे पांढरे डबे, त्यांवर इंग्रजी लेबलं, मागे धडधडणारं गाणं आणि ओट्यावर तेलाचा एक थेंब नाही. भांडुपची एखादी बाई ते बघेल, छान आहे म्हणेल आणि अंगठ्याने वर सरकवून टाकेल. तिच्या घरी दिवसातून दोनदा फोडणी होते.

दुसऱ्यात मात्र अकरा सेकंद सोन्यासारखे आहेत. तू मिसळणाचा डबा उचललास, झाकण पुसलंस आणि मागून त्या काकूंचा आवाज आला, "तो राहू दे गं, सासूबाईंचा आहे." तू काही न बोलता तो वरच्या फळीवरून काढून गॅसजवळ, हाताशी येईल असा ठेवलास. आणि तिथेच कात्री लावून डब्यांच्या रांगेकडे गेलीस! अगं, व्हिडिओ तर तोच होता.

नळवाल्याला घरात घ्यायला कुणी लाजत नाही. आपल्याला बोलवायचं म्हणजे परक्या बाईसमोर कपाट उघडायचं, आणि कपाटात काय काय निघतं ते तू माझ्याबरोबर दिवाळीच्या सीझनला पाहिलंस. लग्नानंतर एकदाही न नेसलेला शालू, गेलेल्या माणसाचे चष्मे, किंमतीच्या चिठ्ठीसकट पडलेला टॉप. फोन करण्याआधी बाई व्हिडिओत तुझे हात बघते. वस्तू कशी उचलतेस, नाक मुरडतेस का, "हे कशाला ठेवलंय अजून?" असं म्हणतेस का. तिला तुझं आधीचं आणि नंतरचं चित्र नको असतं असं नाही, पण तेवढ्याने ती कपाटाची किल्ली देत नाही.

आणि पसारा म्हणजे आळस, हा सूर तुझ्या बोलण्यात कधी येऊ देऊ नकोस. मुंबईत तो बहुतेक वेळा जागेचा हिशेब असतो. मी गिरगावात दोन खोल्यांत वाढले, माळ्यावर काय आहे ते फक्त आजीला ठाऊक असायचं. वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथल्या पुनर्विकासात ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, प्रत्येक घर ५०० चौरस फुटांचं. आकडा ऐकून वाटतं की आता काय, ऐसपैस! पण चाळीत माळा होता, पिंप ठेवायला मोरी होती, दाराबाहेरचा पॅसेज अर्धा आपलाच होता. टॉवरमध्ये यातलं काही नाही, आणि सामान तीन पिढ्यांचं. गावोगावच्या जुन्या सोसायट्यांचंही तेच चाललंय: आधी भाड्याच्या घरात, मग नव्या घरात, म्हणजे दोनदा सामान हलवायचं. डोंबिवली, ठाण्याला अशी घरं किती आहेत बघ. "रिडेव्हलपमेंटला घर सोडण्याआधी काय बांधायचं, काय नाही" यावर तू पाच व्हिडिओ केलेस तरी विषय संपणार नाही. परदेशी व्हिडिओंतून हे कुणाला शिकायला मिळणार नाही, कारण त्यांच्याकडे गॅरेज असतं.

आता माझी एक चूक सांगते. ही मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

सुरुवातीच्या वर्षांत मी एका घरी भांड्यांची मांडणी लावली. काढायच्या भांड्यांचा ढीग जमिनीवर होता आणि तो मी फार हौसेने कॅमेऱ्यात जवळून घेतला, स्टीलवर उन्हाची तिरीप पडली होती म्हणून. त्या घरच्या ताईंचा चेहरा नव्हता, घर कुठलं ते सांगितलं नव्हतं, मला वाटलं झालं. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, आवाज कापत होता. ढिगात सगळ्यात वर एक पातेलं होतं. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात हे मी स्टीलच्या दुकानात लहानपणापासून बघत आलेली बाई, आणि मलाच ते दिसलं नाही. पातेल्याच्या काठाखाली टिंबाटिंबांनी नणंदेचं नाव, खाली लग्नाची तारीख. नणंदेच्या जावेने व्हिडिओ पाहिला, तिथून तो घरच्या ग्रुपवर गेला. दिलेला आहेर भंगारात! मी व्हिडिओ पाच मिनिटांत काढला, पण त्या घरात मला पुन्हा बोलावणं आलं नाही, आणि बरोबरच होतं.

तेव्हापासून शूटिंगआधी मी घरभर एक फेरी मारते. भांड्यांवरची नावं, फ्रिजवरचं लाइट बिल, कुरिअरच्या खोक्यावरचा पत्ता, औषधांची पाकिटं, मुलाचं शाळेचं ओळखपत्र, खिडकीतून दिसणारी समोरची बिल्डिंग. सगळ्यात फसवा म्हणजे लोखंडी कपाटाच्या दारावरचा आरसा. आपण कपड्यांचे कप्पे दाखवत असतो आणि आरशात मागे पलंगावर आजोबा बनियनवर बसलेले असतात. लॉकरकडे कॅमेरा वळवायचाच नाही. घरची माणसं गावाला गेली आहेत, असलं वाक्य आवाजात राहिलं असेल तर ते काप, आणि काम झाल्यावर दोन-तीन आठवडे तरी तो व्हिडिओ टाकू नकोस.

परवानगी कामाच्या दिवशी दारात उभी राहून मागू नकोस. तेव्हा बाई भिडेखातर हो म्हणते. काम ठरवतानाच व्हॉट्सॲपवर लिहून विचार: काय दाखवणार, कुठे टाकणार, आणि नको म्हणालात तरी काम तसंच आणि त्याच पैशांत होईल. "शूटिंग करू दिलंत तर हजार रुपये कमी" हे मी करत नाही. ज्याला हजारांची गरज आहे त्याचंच घर मग जगाला दिसतं. कापून झालेला व्हिडिओ टाकण्याआधी त्यांना दाखव. पुढे कधीही काढ म्हणाल्या तर कारण न विचारता काढ. आपल्याबरोबर येणाऱ्या मदतनीस ताईंनाही विचार. त्यांच्या घरी त्या काय काम करतात हे सांगितलेलं असेलच असं नाही.

तंत्राचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी दोन-तीन गोष्टी. लेन्स पूस. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईच्या फोनला तेलकट बोट लागलेलंच असतं. तुझ्या तिसऱ्या व्हिडिओत ट्यूबलाइटच्या उजेडात काळे पट्टे वर-खाली सरकताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची आणि फोन बहुतेक सेकंदाला ३० चित्रं घेतो, त्याने ते होतं. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेव, पट्टे बहुतेक वेळा जातात. नाहीतर सरळ सकाळी खिडकीजवळ काम कर आणि दिवे बंद ठेव. पंखा बंद, कॉलरला छोटा माइक. पण डब्याचं झाकण बसल्याचा टक्कन आवाज काढून त्यावर गाणं चढवू नकोस. सिनेमातली गाणी धंद्याच्या अकाउंटवर वापरायचा हक्क आपल्याला नसतो, ते वेगळंच. आणि देवनागरीत मोठ्या अक्षरांत ओळी टाक, कारण आपलं गिऱ्हाईक डोंबिवली फास्टमध्ये एका हाताने कडी धरून, आवाज बंद ठेवून बघत असतं. अगदी तळाशी टाकू नकोस, तिथे नाव आणि बटणं येतात.

रील आता काही मिनिटांची करता येते म्हणून लांबवू नकोस. एक कप्पा, एक अडचण, पाऊण मिनिट. रीलचं आयुष्य चार दिवसांचं. टिकायचं असेल तर यूट्यूबवर लोक जे शोधतात त्याचं उत्तर दे, तिथे माणूस प्रश्न घेऊनच येतो. मी २०२१ मध्ये पावसाळ्यात कपड्यांना येणाऱ्या कुबट वासावर सहा मिनिटांचा साधा व्हिडिओ केला होता. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, सुती आणि रेशमी वेगळं करा, ऊन पडेल त्या दिवशी दारं सताड उघडी टाका, कपड्यांत वेखंड ठेवा. माझा पदर सुद्धा नीट नव्हता. पण दर जूनमध्ये तो आपोआप जागा होतो. नाव ठेवताना बाई जसं बोलते तसंच ठेव, "कपाटातला कुबट वास कसा घालवायचा". खाली तेच रोमन अक्षरांतही लिही, अर्ध्याजणी मराठी तशीच टाइप करतात.

कुठला विषय कधी टाकायचा, ते वर्षाचं वेळापत्रक आपल्याकडे आजीच्या वेळचंच आहे. एप्रिल-मेमध्ये बेगमी: तिखट, पापड, वर्षाचे तांदूळ कशात भरायचे. जूनला दमट हवा. गणपतीआधी हॉल मोकळा करायचा. दिवाळीचं मात्र नवरात्राच्या आधी टाक. दिवाळीच्या आठवड्यात बाई चकल्या तळत असते, तुला फोन करणार नाही, आणि केला तरी तुझ्याकडे तारीख नसेल.

आकड्यांचं. माझा एक व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला, साड्यांच्या घड्यांचा. त्यातून फोन दोन आले, एक नागपूरहून, एक साडी कुठल्या दुकानातली ते विचारायला. दुसरा जेमतेम नऊशेजणांनी पाहिला, त्यात सुरुवातीलाच मी म्हटलं होतं, "मुलुंड, भांडुप, ठाण्यातल्या वन बीएचकेचा हा बॉक्स बेड." त्यातून चार कामं आली. हे मला कळलं कसं? वीस वर्षं औषध कंपनीच्या स्टोअर्समध्ये बिन कार्ड, म्हणजे कुठला माल किती आला-गेला याची कार्डं, भरली आहेत, सवय जात नाही. प्रत्येक फोनला "कुठे पाहिलंत?" विचारते आणि वहीत लिहिते. तूही वही कर. गूगलवर धंद्याची नोंद केली असशील, तिथेही तीस सेकंदांपर्यंतचा व्हिडिओ चढवता येतो. "घर आवरून देणारे डोंबिवली" असं शोधणारी बाई निम्मी ठरवूनच आलेली असते. यूट्यूबच्या जाहिरातींच्या वाट्यासाठी एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघणं लागतं. झालं तर झालं. त्यामागे लागलीस तर तू व्हिडिओ करणारी होशील आणि घरं दुसरी कुणीतरी लावेल.

डबे विकणाऱ्या कंपन्या फुकट डबे पाठवायला लागतील. घ्यायचे तर व्हिडिओत जाहिरात म्हणून ठळक सांगायचं, तसा नियमच आहे. माझं विचारशील तर घेऊ नकोस. आपलं काम डबे कमी करायचं आहे! त्यापेक्षा निघालेलं सामान पुढे कुठे जातं ते दाखव, ते कुणीच दाखवत नाही. आमच्या गल्लीत अजून बोहारीण येते. जुन्या पाच साड्यांवर तिने एक पातेलं देऊ केलं आणि काकूंनी वर एक गाळणं मागून घेतलं, ती घासाघीस मी दोघींना विचारून कॅमेऱ्यात घेतली होती. त्याखाली जितके लोक बोलले तितके माझ्या कुठल्याच कामाखाली बोलले नाहीत.

तिसऱ्या व्हिडिओचं पट्ट्यांपलीकडे लिहायचं राहिलं. शेवटी कपाटाचं दार मिटताना आरशात क्षणभर तू दिसतेस. केस विस्कटलेले, ओढणी कमरेला खोचलेली, दातांत मार्कर. तू विचारलं होतंस, एवढं कापू का म्हणून. राहू दे. पट्टे येतात तो सुरुवातीचा भाग तेवढा परत घे, आणि शनिवारी येशील तेव्हा माझा ट्रायपॉड घेऊन जा. एक पाय ढिला आहे, रबर लावलंय.

तुझी,
ताई