लाइटस्पीड की लिन्स्की? जुन्या टायटॅनियम हार्डटेलबद्दल

लाइटस्पीड आणि लिन्स्की या टायटॅनियमच्या सायकली बनवणाऱ्या अमेरिकन कंपन्या. तुम्ही विचारलेले प्रश्न दोन आहेत. नव्वदच्या दशकातली लाइटस्पीडची २६ इंची चाकांची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) घ्यावी की लिन्स्कीची नंतरची २९ इंची, दोन्ही वापरलेल्या. आणि जुनी घेतलीच तर तिला १४० मिमीचा फोर्क, म्हणजे तेवढा दबणारा पुढचा सस्पेन्शन, चालेल का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नाही चालणार.

हे मी करून बसलोय. १०० मिमीसाठी बांधलेल्या फ्रेमला १३० चा फोर्क लावला. उतारावर मजा आली, खोटं कशाला बोलू. दोन सीझननंतर सायकल धुताना डाउन ट्यूबच्या (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीच्या) खालच्या अंगाला, हेड ट्यूबच्या (फोर्क ज्यातून वर येतो त्या पुढच्या नळीच्या) जरा मागे, केसासारखी रेघ दिसली. ओरखडा समजून नखाने घासली, फडक्याने पुसली. पुढच्या राइडनंतर तिथेच परत काळी रेघ. तडाच होता. फोर्क लांब झाला की त्या सांध्यावर तरफेचा जोर वाढतो, आणि जुन्या फ्रेमचा तो सांधा त्या हिशोबाने बांधलेलाच नसतो.

तुमच्या बाबतीत फरक आणखी मोठा आहे. ती जुनी लाइटस्पीडची फ्रेम साधारण ७१ अंशांच्या हेड अँगलची (हेड ट्यूबच्या जमिनीशी असलेल्या कोनाची), ६०-८० मिमी फोर्कसाठीची. १४० मिमीचा फोर्क लावला की पुढचा भाग सहा-सात सेंटिमीटर वर जाईल. दर २० मिमीला हेड अँगल एक अंशाने कमी होतो असं धरा. हेड अँगल कमी झालेला आवडेलही, पण तेवढीच सीट ट्यूबही (सीटखालची नळी) मागे कलते. मग चढावर पुढचं चाक भरकटतं. शिवाय त्या काळचा स्टिअरर (हेड ट्यूबमधून जाणारी फोर्कची वरची नळी) सरळ नळीचा, त्यामुळे आजचे टेपर्ड, म्हणजे खाली जाड स्टिअररचे, फोर्क त्यात बसतच नाहीत.

आता घराण्याबद्दल. टेनेसीतल्या चॅटनूगात लिन्स्की कुटुंबाचं मशीन शॉप होतं, त्यातूनच ऐंशीच्या दशकात लाइटस्पीड उभी राहिली. ओकोई, टेलिको ही मॉडेलांची नावं त्यांच्याच भागातल्या नद्यांची. १९९९ मध्ये त्यांनी कंपनी विकली आणि २००६ मध्ये त्याच गावात स्वतःच्या आडनावाने पुन्हा सुरुवात केली. म्हणजे तुमच्या दोन्ही फ्रेम एकाच घरच्या, पण या नात्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. पिळदार नळ्या असतील तर त्यांच्यावरही भाळू नका. 'टायटॅनियम मऊ चालतं' हेही अर्धंच खरं. हा धातू पोलादाच्या निम्मा ताठ, म्हणून नळ्या जाड व्यासाच्या घेतात आणि लवचीकपणा बराचसा तिथेच संपतो. उरलेला मऊपणा टायरचा.

मी २९ इंचीच घेईन. हेड ट्यूब ४४ मिमीची आहे का ते बघा. असेल तर खालच्या बेअरिंगचा कप बाहेरून बसवून टेपर्ड स्टिअरर घालता येतो. मागचा हब (चाकाचा मधला भाग) १३५ मिमी रुंदीचा की १४२ चा, तेही विचारा. डिस्क ब्रेकचं माउंट तर हवंच.

सीटपोस्ट (सीटची दांडी) तुमच्यासमोर काढून दाखवायला सांगा. अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट टायटॅनियममध्ये ग्रीसशिवाय राहिला की गंजून असा धरतो की फ्रेमच हातची जाते. पोस्ट हलला नाही तर व्यवहार तिथेच सोडा. निघाला तर टॉर्च मारून सीट ट्यूबच्या आत बघा. वेल्डचा रंग बाहेरून घासून काढता येतो, आतून तसाच राहतो. चांदीसारखा किंवा फिकट पिवळा चालेल. गडद निळा, राखाडी किंवा पांढरी भुकटी दिसली तर हवा शिरलेली आहे. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन शोषतं आणि ठिसूळ होतं, म्हणून नळीच्या आतही आर्गॉन भरून वेल्ड करावं लागतं. माझी तडा गेलेली फ्रेम ज्या वर्कशॉपने 'सहज होईल' म्हणून जोडली, त्यांनी आतून गॅस भरलाच नव्हता. तिसऱ्या राइडला वेल्डच्या शेजारी पुन्हा तडा.

डाउन ट्यूबचं वरचं टोक, बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस बसतो ती जागा) आणि मागचे ड्रॉपआउट (मागचं चाक बसतं त्या खाचा) यांचे उन्हात काढलेले फोटो मागवा आणि इथेच टाका, बघून सांगतो.