वहीतल्या 27 रेघा

"मॅडम, आधी एवढंच सांगा, याला व्यसन लागलंय ना?"

आई खुर्चीत नीट टेकलीही नव्हती. वडिलांनी मुलाच्या व्हिडिओ गेमचा आठवडाभराचा हिशेब मांडून आणला होता: सोमवारी तीन तास दहा मिनिटं, मंगळवारी पावणेतीन तास, रविवारी साडेपाच. चौदा वर्षांचे चिरंजीव दोघांच्या मधे, नजर जमिनीला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलांचं आणि पालकांचं समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. पूर्वी मी असा तक्ता बघूनच उत्तर देऊन टाकायचे. एवढेच तास, एवढे वाजले की बंद, पंधरा दिवसांनी भेटू. पालक खूश होऊन जायचे आणि मूल त्यानंतर माझ्याशी मनातलं काही बोलायचं नाही. अशी तीन-चार मुलं हातची गेल्यावर मला अक्कल आली. आता तक्ता बाजूला ठेवते आणि मुलाला विचारते, काय खेळतोस?

"गेम."

"ते कळलं. कुठला? मला समजेल असं सांग."

त्याने आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे. मी दोघांना बाहेर बसायला सांगितलं. पाच मिनिटं तशीच गेली. मग म्हणाला, "दोन खेळतो. एक टीमचा, मित्रांबरोबर. एक एकट्याचा. त्यातला बॉस लई अवघड होता." आणि दप्तरातून एक वही काढली.

मागच्या पानावर त्या बॉसचं, म्हणजे गेममधल्या तगड्या राक्षसाचं चित्र, बऱ्यापैकी काढलेलं. भोवती बाण आणि बारीक अक्षरातल्या नोंदी. 'डावा हात वर गेला की दोन मोजायचे, मग उजवीकडे लोळण.' 'तलवार चमकली तर ढाल नाही, पळ.' 'अर्धी ताकद संपली की चाल बदलतो!!' वरच्या कोपऱ्यात पाच-पाचच्या जुड्या करून मारलेल्या रेघा. मी मोजल्या, 27 होत्या.

"एवढ्या वेळा हरलास?"

"सव्वीस. सत्ताविसाव्याला मारला." पहिल्यांदाच हसला.

त्याची परवानगी घेऊन ती वही मी आई-वडिलांसमोर ठेवली. गंमत म्हणजे, आत येता येता वडिलांचंच वाक्य होतं, "याला धीर म्हणून नाही. एक गणित चुकलं की पेन फेकतो." वही चाळताना ते गप्प झाले. मग व्यवहारी माणसासारखं विचारलं, "पण याचा उपयोग काय?"

प्रश्न रास्त आहे. 2014 साली मानसशास्त्रज्ञ इसाबेला ग्रॅनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन एकत्र करून गेम खेळण्याचे चार तऱ्हेचे फायदे मांडले होते: बुद्धीचे, प्रेरणेचे, भावनांचे आणि माणसांत मिसळण्याचे. हरल्यावर खचून न जाता पुन्हा भिडणं हे त्यातल्या प्रेरणेच्या खात्यात येतं. वहीतल्या रेघा त्याच्याच. लक्ष देण्याच्या क्षमतेबद्दल ग्रीन आणि बॅव्हेलिए या संशोधकांचा 2003 चा प्रयोग मला आवडतो, कारण त्यांनी नुसती खेळणारी आणि न खेळणारी माणसं शेजारी ठेवली नाहीत. न खेळणाऱ्यांना रोज तासभर असं दहा दिवस वेगवान ॲक्शन गेम खेळायला लावलं. टेट्रिस हा ठोकळे रचायचा गेम खेळलेल्या दुसऱ्या गटापेक्षा नजरेच्या टप्प्यातल्या गोष्टी टिपण्यात ते पुढे गेले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या 33 डॉक्टरांचा 2007 चा अभ्यास तर अनेकांनी ऐकलेला असतो. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त गेम खेळलेल्यांच्या चुका सरावाच्या चाचणीत 37 टक्के कमी होत्या. अर्थात, मुळात ज्यांचे हात चपळ तेच गेमकडे वळले असतील, हेही शक्य आहे.

म्हणून वडिलांना स्पष्ट सांगितलं, यातून गणिताचे मार्क आपोआप वाढणार नाहीत. गेममधली चपळाई भूमितीत जात नाही. पण तुमच्या मुलात धीर नाही, हे मात्र आता म्हणता येणार नाही. तो गेममध्ये दिसतो आणि गणितात का दिसत नाही, हा खरा विषय आहे. गेममध्ये चूक झाली की दोन सेकंदांत कळतं, कुठे झाली तेही कळतं, लगेच दुसरा डाव मिळतो आणि कोणी बघत नसतं. गणितात चूक आठ दिवसांनी लाल शाईत येते, सोबत घरातला एक उसासा. (वडील इथे थोडे हलले.) मग आम्ही ठरवलं की गणिताच्या चुकाही त्याच वहीत, तशाच नोंदींनी लिहायच्या. कुठल्या पायरीवर मेलो, कशामुळे मेलो.

आता व्यसनाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये, गेमिंग डिसऑर्डर आहे, हे खरं. पण त्याची खूण तास नव्हे. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतो, नुकसान होतंय हे दिसूनही खेळणं चालू राहतं किंवा वाढतच जातं, आणि हे साधारण वर्षभर टिकून माणसाचं रोजचं जगणं विस्कटतं. हा मुलगा शाळेत जात होता, आठवड्यातून दोनदा फुटबॉल खेळत होता, त्याला मित्र होते. व्यसन नव्हतं. झोपेची मात्र वाट लागली होती, आणि रात्री दहाला घरात रोज भांडण.

भांडणाचं कारण साधं निघालं. दहा वाजले की आई वायफाय बंद करायची. त्याची टीमची मॅच पस्तीस-चाळीस मिनिटांची, मधे थांबवता न येणारी. अर्ध्यातून गेलं की गेम शिक्षा देतो आणि चार मित्र दुसऱ्या दिवशी शिव्या देतात. आईला तो उद्धटपणा वाटत होता, त्याला ती दगाबाजी. मी म्हटलं, मिनिटं सोडा, मॅच मोजा. करार त्यानेच लिहिला: शाळेच्या दिवशी दोन मॅच, सव्वानऊनंतर नवी सुरू करायची नाही, झोपताना फोन आणि कंट्रोलर खोलीबाहेर. पहिल्याच गुरुवारी मोडला. मोडणारच. दुसऱ्या भेटीत त्याने सव्वानऊचे नऊ केले, कुणी न सांगता.

सगळ्यांनाच मी असं सांगत नाही. एका कॉलेजच्या मुलाने परीक्षा सोडली होती, मित्र सोडले होते, अंघोळसुद्धा टळत होती, आणि विचारलं तर म्हणाला, "आता खेळतानाही मजा येत नाही." त्याला मी त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. मुळात नैराश्य होतं, गेम ही लपायची जागा होती. आणि पैसे टाकून पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशीब, या प्रकाराबद्दल माझ्याकडे एकही चांगला शब्द नाही. हा मुलगा त्यात नव्हता.

निघताना वडिलांना एक गृहपाठ दिला: आठवड्यातून अर्धा तास मुलाशेजारी बसून तोच गेम स्वतः खेळायचा. पुढच्या भेटीत मुलगा खुर्चीवर बसायच्या आधी बोलायला लागला. "मॅडम, बाबा अर्धा तास फक्त आभाळ बघत होते!" एका अंगठ्याने चालायचं, दुसऱ्याने बघायचं, हे त्यांना जमेना. कधी नजर छताला, कधी स्वतःच्या बुटांना. वैतागून त्यांनी कंट्रोलर ठेवून दिला. मुलाने तो परत हातात दिला आणि म्हणाला, "पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. आधी नुसतं चाला, लढू नका."

"हे असं मी त्याला गणित शिकवताना कधी म्हटलेलं नाही," वडील मला नंतर एकटेच असताना म्हणाले.

दोन महिन्यांनी आईचा फोन आला. रविवारी अजून कुरबुर होते. गणितात फार फरक नाही, पण पेन फेकणं थांबलंय. बाबा पहिल्याच खोलीत अडकलेत. मुलाचं म्हणणं, ते नोंदी ठेवत नाहीत.