ती एवढा वेळ त्या ग्रुपात करते तरी काय?

या महिन्यात फॅन ग्रुपांबद्दल तीन पत्रं आली, तिन्ही वेगळ्या वयाच्या माणसांची. एकत्रच घेते. पहिल्याला जास्त जागा देतेय कारण तसं विचारणाऱ्या आया मला बाजारात पण भेटतात.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं घर डिचोलीला. मुलगी हायर सेकंडरीला, अकरावीत. दीड वर्ष झालं ती त्या सात जणांच्या कोरियन बँडच्या, म्हणजे बीटीएसच्या फॅन ग्रुपात आहे. उठल्यावर ग्रुप, जेवताना ग्रुप, रात्री दोनला पाणी प्यायला उठले तर हिच्या खोलीत उजेड. विचारलं तर "काम आहे गं आई" म्हणते. कसलं काम? ह्यांचं म्हणणं मोबाइल काढून घ्यावा. मार्क बरे आहेत, पण सगळा वेळ वाया चाललाय असं वाटतं. काय करू? – एक आई

उत्तर : ताई, मोबाइल काढून घ्यायच्या आधी एक करा. तिच्या शेजारी अर्धा तास बसा आणि "ह्याचा उपयोग काय" असं न विचारता "तू काय काम करतेस ते मला दाखव" एवढंच म्हणा. माझी भाची पर्वरीला असते, तीही ह्याच बँडची फॅन, आणि मे महिन्यात मी तिच्या शेजारी अशीच बसले होते म्हणून सांगते.

पहिलं म्हणजे ती कोरियन वाचत होती. क्लास नाही, पुस्तक नाही, ग्रुपातल्याच एका मुलीने शिकवलेलं. त्यांच्या लिपीला हंगुल म्हणतात, मूळ अक्षरं आज २४, सेजोंग राजाने ही लिपी १४४३ मध्ये तयार केली आणि १४४६ मध्ये लोकांसाठी जाहीर केली, कारण चिनी अक्षरं शिकणं साध्या माणसाला जड जायचं. व्यंजन आणि स्वर एका चौकोनात जोडले की एक अक्षर झालं, त्यामुळे बाराखडी घोकलेल्या मुलीला ती पटकन येते. आणि वाक्य तर बघा, "मी शाळेला जाते" हे ते म्हणणार "नानन हाक्क्योए कान्दा", शब्दांचा क्रम अगदी आपलाच, क्रियापद शेवटी, आपल्या "ला"सारखा त्यांचा "ए" हा प्रत्यय शाळेला मागून चिकटलेला. इंग्लिश माध्यमात शिकलेली ही पोर मला म्हणाली, मावशी, मराठीचं व्याकरण मला कोरियन शिकताना कळलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. आपल्याकडे जसं तू आणि तुम्ही, तसं त्यांच्याकडेही कुणाशी बोलतोय त्यावर क्रियापद बदलतं, मुलगी मोठ्या भावाला ओप्पा म्हणते, मोठ्या बहिणीला ऑन्नी, मुलगा त्याच नात्यांना वेगळे शब्द वापरतो. इंग्लिशमध्ये हे सगळं एका "यू"मध्ये जातं, म्हणून सबटायटल करताना तिला ते मराठीत जास्त नीट उतरवता येतं, आणि ती ते करते, बारा मिनिटांच्या व्हिडिओला तिला दोन संध्याकाळी लागल्या. तेच "काम".

दुसरी गोष्ट मला ह्या सगळ्यात सगळ्यात मोलाची वाटते. तिच्या ग्रुपात कुणी बातमी टाकली की खाली लगेच येतं, "कशावरून?" बँडच्या कंपनीची अधिकृत नोटीस दाखव, तारीख दाखव, मशीनने केलेलं भाषांतर चालणार नाही, नाहीतर पोस्ट काढ. ह्या मुलांना ती सवय गरजेतून लागलीय, कारण डिसेंबर २०२२ पासून एकेक जण सक्तीच्या लष्करी सेवेत जायला लागला आणि शेवटचा जून २०२५ मध्ये बाहेर आला, ह्या अडीच वर्षांत अफवांना काही सुमार नव्हता. सतरा वर्षांची मुलगी शांतपणे "कशावरून" विचारते आणि समोरचा चिडत नाही, चूक कबूल करून पोस्ट काढतो, हे मी आमच्या घरच्या ग्रुपवर अजून घडताना बघितलेलं नाही आणि ते घडावं असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे हे शिक्षण जत्रेच्या नाटकात मिळायचं बघा. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या जागेत, महिनाभर तालीम, कोण प्रॉम्प्टिंगला, कोण पडदा ओढायला, कोण वर्गणीची वही घेऊन दारोदार, आणि वही चुकली तर गावासमोर उत्तर द्यायचं. माझे काका पेट्रोल पंपावर कामाला होते पण नाटकाच्या दिवसांत त्यांच्या शब्दाला गावात मान होता, कारण अख्खं नाटक त्यांना पाठ. पगार नाही, सर्टिफिकेट नाही, चार लोकांसाठी काम करायचं आणि ते नीट करायचं. तुमची मुलगी तेच करतेय, फक्त तिची अग्रशाळा मोबाइलमध्ये आहे. वर्गणीसुद्धा आहे तिथे! जून २०२० मध्ये ह्या बँडने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर चळवळीला १० लाख डॉलर दिले तेव्हा जगभरच्या फॅन्सनी साधारण एका दिवसात तेवढेच पैसे आपापसात गोळा केले. कोरियात तर कार्यक्रमाला फुलांच्या ऐवजी कलाकाराच्या नावाने तांदळाची पोती पाठवायची रीत आहे, ती नंतर गरजूंना जातात.

आता काळजीचं. रात्री दोन वाजता जागायची कोरियासाठी काहीएक गरज नाही. सोल आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, तिथली मध्यरात्र म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ, आणि आपले दोन वाजले की तिथे पहाटेचे साडेपाच. म्हणजे ती त्या वेळी जागी असेल तर ते काम नव्हे, गप्पा आहेत. हा हिशोब तिच्याच समोर मांडा आणि अकराला फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, असं ठरवा, ती ऐकेल, कारण हिशोब खरा आहे. दुसरं पैशाचं. ह्या पोरी आठदहा जणी मिळून अल्बम मागवतात म्हणजे कुरियरचा खर्च वाटला जातो, एकजण हिशोब ठेवते, हे चांगलंच आहे, पण माझ्या भाचीचे अठराशे रुपये एका अनोळखी अकाउंटवाल्याकडे गेले, फोटोकार्ड (अल्बमसोबत येणारा कलाकाराचा छोटा फोटो) पाठवतो म्हणाला आणि ब्लॉक केलं. तिने आठवडाभर घरात सांगितलं नाही, रागावतील म्हणून. ते मला पैशापेक्षा जास्त लागलं. असं झालं तर लगेच १९३० ला फोन करायचा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर तितकं बरं, आणि "आधी मला सांग, ओरडणार नाही" हे तिला आजच सांगून ठेवा. गाणं न ऐकता नुसता आकडा वाढवायला रात्रभर मोबाइलवर चालू ठेवायचं, दुसऱ्या बँडच्या पोरांशी भांडत बसायचं, हे मला अजिबात पटत नाही आणि मी भाचीला तसं सांगितलंय. ती थोडी रागावली. पण परवा तिने विचारलं, मावशी, "हुरहुर"ला कोरियन शब्द शोधतेय, तुला मराठीत नेमका अर्थ काय वाटतो सांग ना. आम्ही पाऊण तास बोललो.

प्रश्न : मी १९ वर्षांचा, मडगावचा. एफसी गोवा ह्या फुटबॉल टीमच्या फॅन्सचा आमचा ग्रुप आहे, मी अॅडमिन. मॅच हरली की लोक खेळाडूंच्या आईबापापर्यंत जातात. मेसेज डिलिट केले तर मला "तू कोण मोठा" म्हणतात. सोडून देऊ का अॅडमिनगिरी?

उत्तर : सोडू नको रे. इंडियन सुपर लीगची २० डिसेंबर २०१५ ची फायनल फातोर्ड्यालाच होती, आपल्याच मैदानावर, शेवटच्या मिनिटांत ३-२ ने गेली, तेव्हा तू लहान असशील. मार्च २०१९ ला परत फायनल, एक्स्ट्रा टाइममध्ये १-० ने गेली. आणि एप्रिलमध्ये त्याच टीमने भुवनेश्वरला सुपर कप आणला. म्हणजे मार्चच्या रात्री ज्यांच्या आया काढल्या असतील त्यांनाच महिन्याभरात खांद्यावर घ्यायचं. हे ग्रुपात लिही, तारखांसकट. आणि एकट्याने डिलिट करू नकोस, तीन अॅडमिन करा, नियम एका ओळीचा ठेवा : खेळावर काहीही बोला, घरच्यांवर नाही. हरल्यावर तासभर ग्रुप बंद ठेवता येतो, फक्त अॅडमिनचे मेसेज जातील असं सेटिंग आहे, ते वापर. चिडलेल्या दोनशे लोकांना सांभाळायला तू १९ व्या वर्षी शिकतोयस, हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

प्रश्न : वय ६७, फोंड्याजवळ राहतो. जुन्या नाट्यसंगीताच्या आणि ख्यालाच्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या ग्रुपात मुलाने मला घातलं. वडिलांच्या पेटीत काही ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जुन्या रेकॉर्ड आहेत, एकीवरचं लेबल फाटलंय, गाणारी बाई केसरबाई असाव्यात असं वाटतं. पण तिथले लोक फार जाणकार, विचारायला संकोच वाटतो.

उत्तर : काका, विचाराच! केसरबाई केरकर तुमच्याच तालुक्यातल्या केरीच्या, त्यांचा भैरवीतला आवाज १९७७ पासून अमेरिकेच्या व्हॉयेजर यानावरच्या रेकॉर्डमधून सूर्यमालेच्या बाहेर चाललाय, आणि त्यांची रेकॉर्ड कदाचित तुमच्या पेटीत असेल तर ती ग्रुपला हवीच आहे. मी स्वतः अशाच एका ग्रुपात सहा वर्षं आहे. पहिल्या महिन्यात मी एक क्लिप चुकीच्या नावाने टाकली होती, एका वयस्कर सद्गृहस्थांनी मला फोन करून, सगळ्यांसमोर नव्हे, नीट समजावलं की आवाजावरून एकदम नाव घ्यायचं नाही, आधी नंबर बघायचा. तेच तुम्हाला सांगते. लेबल फाटलं तरी लेबलच्या कडेला, जिथे खोबणी संपते तिथल्या गुळगुळीत जागेवर एक मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा क्रमांक, कोरलेला असतो, रेकॉर्ड तिरकी धरून टॉर्च मारला की दिसतो. त्याचा फोटो टाका. वाजवून बघणार असाल तर स्टीलची जुनी वापरलेली सुई लावू नका, खोबणी खरवडली जाते. आणि वेग तपासा, सहा टक्के जास्त झाला की आवाज साधारण अर्धा सूर वर चढतो आणि मग पट्टी चुकीची ऐकू येते, पुष्कळदा ओळख तिथेच फसते. घरी वाजवायची पेटी असेल तर षड्ज, म्हणजे सा, कुठल्या पट्टीत लागतो तेही लिहा. केसरबाई नसल्या तरी हरकत नाही काका, दुसरं कोण निघतंय ते मला नक्की कळवा.