आईमार्फत चालणारा गोठा

‘बाप-लेक एकाच गोठ्यात राबतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत.’ शेती आणि जनावरं सांभाळणाऱ्या घरांचं समुपदेशन करताना ही तक्रार मी सतत ऐकते. सांगायला येते ती बहुतेक वेळा आई. दोघांना सोबत आणते, मधल्या खुर्चीत बसते आणि दोघांच्या वतीने बोलू लागते. अशाच एका घराच्या सात-आठ बैठकींतलं नेमकं तेवढं, ओळख पुसून, इथे मांडते आहे.

वडील पासष्टीचे, मुलगा तिशीतला, दुभत्या गाई अठरा. वडिलांच्या खिशात पेन्सिलीने लिहिलेली छोटी वही, मुलाच्या मोबाईलमध्ये त्याच गाईंच्या नोंदी. भांडणाचं ताजं कारण होतं उलटलेली, म्हणजे कृत्रिम रेतन करूनही गाभण न राहिलेली, काळी गाय.

“त्याला विचारा, रेतन वेळेवर का केलं नाही,” वडील माझ्याकडे बघत म्हणाले.

“मला कळलं कधी?” मुलाने विचारलं, तेही आईकडे बघत.

“मी सांगितलं होतं ना रे, जेवताना...”

मी कागद घेतला आणि त्या दिवसाचा हिशेब तासाप्रमाणे लिहून काढला. पहाटे पाचला धारा काढताना वडिलांना दिसलं, गाय हंबरते आहे, दूध चोरते आहे, काचेसारखा चिकट सोट लोंबतो आहे. ते बायकोला म्हणाले, “त्याला सांग.” मुलगा तोवर चाऱ्याला गेलेला. तिला आठवण झाली रात्री जेवताना. रेतन झालं दुसऱ्या दिवशी दुपारी. ही माजाची, म्हणजे गाय फळायला तयार असल्याची, लक्षणं. माज टिकतो साधारण 12 ते 18 तास. सकाळी दिसला तर त्याच संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करायचं, हे दोघांनाही पाठ होतं. तरी मध्ये तीसहून जास्त तास गेले आणि पुढच्या माजासाठी 21 दिवस थांबावं लागलं.

कागद तिघांपुढे सरकवला. म्हटलं, “गाय ठीक आहे. निरोप उशिरा पोचला.”

मग आईंना खुर्ची भिंतीशी न्यायला सांगितली आणि दहा मिनिटं एक शब्दही बोलायचा नाही अशी अट घातली. अशा वेळची शांतता सोसणं हेच माझ्या कामातलं खरं कसब आहे, असं मला वाटतं. आईंनी तीनदा तोंड उघडलं, तिन्ही वेळा मी हात वर केला. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. शेवटी वडिलांनी खिशातली वही काढून मुलापुढे ठेवली.

“तुझ्यात काय लिहिलंय?”

एकेक गाय घेऊन दोघं तारखा ताडून बघू लागले. चार तारखा जुळेनात. दोन वडिलांच्या चुकल्या होत्या, दोन मुलाच्या. वही मिटताना वडील खाली बघूनच बोलले, “सगळं तुझ्या फोनमध्ये गेलं, तर मी पहाटे उठायचं कशाला?”

मुलगा बघतच राहिला. वडिलांचा आपल्यावर विश्वास नाही, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. आपली गरज संपेल ही वडिलांची भीती त्याला कधी ऐकूच आली नव्हती, कारण ‘त्याला सांग’ एवढ्या निरोपात ती मावत नाही.

मरे बोवेन या मानसोपचारतज्ज्ञाने कुटुंबाचा अभ्यास करताना मांडलं होतं की दोघांमधला ताण पेलेनासा झाला की तिसरं माणूस मध्ये ओढलं जातं. मी त्याच वाटेने काम करते. शेतीच्या घरात तर मालक, मजूर, बाप, लेक सगळे एकाच छपराखाली असतात. म्हणून मी आधी मधली खुर्ची रिकामी करते.

पुढचं काम वाटणीचं. बहुतेक घरं मुलाकडे कष्ट देतात आणि निर्णय स्वतःकडे ठेवतात. तसं करू नका. एक अख्खं काम द्या. इथे मुलाकडे रेतन गेलं: माज ओळखणं, वळू निवडणं, नोंद आणि खर्च, एका ठरलेल्या रकमेपर्यंत न विचारता. निकाल बघायचा तो तीन महिन्यांनी, गाभण तपासणीला. त्याआधी वडिलांनी टोकायचं नाही, मजुरांसमोर तर मुळीच नाही. वडिलांकडे वासरं आली. जन्मल्यावर दोन तासांच्या आत चीक पाजायचा, वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे तीस किलोच्या वासराला तीन लिटर. यासाठी पहाटे उठणारं, धीराचं माणूसच लागतं. हाताला नवं काम न देता जुनं काढून घेतलं, की म्हातारं माणूस पुन्हा त्याच दारात येऊन उभं राहतं.

दोन वह्यांऐवजी गोठ्यात एक फळा लागला. आठवड्यातून एकदा, धारांची वेळ टाळून आणि पोटभर जेवण झाल्यावर, अर्धा तास बैठक. सून असेल तर तीही बसेल, ऐकायला नव्हे, बोलायला. मुलगा उत्साहात एकाच महिन्यात चारा, औषधं, मजूर सगळं बदलायला निघतो, तिथे बरीच घरं फसतात. एका हंगामात एकच बदल पुरे.

एक गोष्ट मी पहिल्याच भेटीत विचारते आणि तुम्हीही घरात विचारा. कुणाची झोप उडाली आहे का, ‘माझं ओझं झालंय’ असं कुणी म्हणतं का, जिवापाड जपलेली जनावरं अचानक देऊन टाकतं का? तसं असेल तर फवारणीची औषधं त्याच दिवशी कुलपात टाका, किल्ली दुसऱ्याकडे ठेवा, त्या माणसाला सरळ विचारा, एकटं सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या. बाकीची वाटणी नंतर.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत निरोप परत आईकडे येतातच. या आईंना मी एकच वाक्य दिलं होतं: “फळ्यावर लिहा, नाहीतर त्यालाच सांगा.” शेवटच्या बैठकीला त्या आल्या नाहीत. बाप-लेक दोघंच आले.