पूर्ण ऑक्सिजन चालू असूनही पातळी का चढत नाही?

म्हापशाहून विचारलंय: मे २०२१ मध्ये कोविड झालेल्या मामांना इस्पितळात पूर्ण ऑक्सिजन चालू होता, तरी ते गेले, उपचारांत कसूर झाली का?

मामांचे कागद मी पाहिलेले नाहीत, पण कसूर नसतानाही असं घडतं. अशा मृतांच्या शवविच्छेदनात फुप्फुसं हलकी, हवेने भरलेली नसतात. जड, गडद लाल आणि हाताला यकृतासारखी घट्ट लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या, आतून गुलाबी थर बसलेला दिसतो: मेलेल्या पेशी आणि रक्तातून झिरपलेली प्रथिनं. निरोगी माणसात हवा आणि रक्त यांमधला पडदा एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. त्यावर हा थर चढला, कोशांत पाणी भरलं, की नळीतून कितीही ऑक्सिजन सोडा, रक्तात पुरेसा उतरत नाही.

गंभीर फ्लू आणि सार्स या विषाणूजन्य आजारातही हेच दिसतं. कोविडमध्ये केशवाहिन्यांतल्या (सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांतल्या) रक्ताच्या बारीक गुठळ्यांची भर पडली. २०२० च्या एका अभ्यासात त्या फ्लूच्या नऊपट आढळल्या.

सीटी स्कॅन जपून ठेवला असेल तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा. नुकसान किती पसरलं होतं, ते त्यावरून बरंच कळतं. तोवर स्वतःला किंवा घरच्यांना दोष देऊ नका.