एसजीपीए काढताना क्रेडिट विसरू नकोस

अगं, काल दादरला गाडीची वाट बघताना तू एसजीपीएचा, म्हणजे एका सेमिस्टरच्या ग्रेड पॉइंटच्या सरासरीचा, जो हिशेब दाखवलास ना, तिथेच घोळ आहे. 7, 8 आणि 10 पॉइंटची बेरीज करून तू सरळ तीनने भागलंस आणि 8.33 आले म्हणून खूश झालीस. पण पहिले दोन पेपर 4-4 क्रेडिटचे (क्रेडिट म्हणजे पेपरचं वजन), 10 पॉइंटवाला फक्त 2 चा! आधी प्रत्येक पेपरचे पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणायचे: 28, 32, 20. बेरीज 80. आता एकूण क्रेडिटने, म्हणजे 10 ने, भाग. उत्तर 8. पेपर किती, याने भागायचंच नाही.

पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं आणि घरी पेढे वाटून मोकळा झालो होतो.

सीजीपीएलाही, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या मिळून सरासरीलाही, हाच नियम. एका सेमला 20 क्रेडिटवर 8, पुढच्याला 24 वर 7 असतील तर मधला 7.5 धरू नकोस. 328 भागिले 44, म्हणजे 7.45. आणि मधेच आकडे राउंड ऑफ करायचे नाहीत, शेवटीच.

म्हणून अभ्यासाला बसताना आधी 4 क्रेडिटचा पेपर उघड. सोपा 2 क्रेडिटवाला लोकलमध्येही होतो, बसायला मिळालं तर.