इंडेक्सऑफला पहिलंच नाव का सापडत नाही?

घोळ तुमच्या जावास्क्रिप्ट कोडच्या एकाच ओळीत आहे. अ‍ॅरेत (म्हणजे यादीत) आशा, बाळू, चंदा ही नावं आणि इफच्या, म्हणजे अटीच्या, कंसात थेट इंडेक्सऑफ. बाळू सापडतो, आशा सापडत नाही, आणि मुळात नसलेला दिनू मात्र 'सापडला' म्हणून येतो, ही तुमची तक्रार.

जावास्क्रिप्टचं काही चुकत नाहीये. इंडेक्सऑफ हो-नाही सांगतच नाही, ते जागा सांगतं. मोजणी 0 पासून सुरू होते, म्हणून आशाची जागा 0, आणि इफच्या लेखी 0 म्हणजे नाही. दिनू नसल्यामुळे येतं उणे 1, आणि ते इफला चक्क 'हो' वाटतं! असं अगदी उलटं उत्तर आलं की समजायचं, उणे 1 शी तुलना करायची राहिलीय. नुसतं आहे की नाही एवढंच हवं असेल तर इन्क्लूड्स वापरा. 2016 च्या आवृत्तीपासून ते भाषेतच आहे आणि सरळ ट्रू-फॉल्स, म्हणजे हो-नाही, देतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न: ग्राहकांच्या यादीत प्रत्येक ग्राहक एक ऑब्जेक्ट (आयडीसारखी माहिती एकत्र ठेवणारा गठ्ठा) असेल, तर आयडी 7 चा ग्राहक कसा शोधायचा? आयडी 7 असलेलं नवं ऑब्जेक्ट जागेवर लिहून इन्क्लूड्सला दिलंत, तर ते कधीच सापडणार नाही. आतला मजकूर सारखा असला तरी मेमरीत ती दोन वेगळी ऑब्जेक्ट्स, आणि तुलना होते ती रेफरन्सची, म्हणजे मेमरीतल्या जागेची. इथे फाइंड घ्या आणि त्याला 'आयडी 7 आहे का' हे तपासणारं फंक्शन द्या. पुष्कळ जण फिल्टर (जुळणारे सगळे निवडणारं) लावून त्यातला पहिला उचलतात. चालतं, पण फिल्टर शेवटपर्यंत फिरतं, फाइंड पहिला सापडताच थांबतं. न सापडल्यास अनडिफाइन्ड, म्हणजे 'काहीच नाही', येतं, तेवढं सांभाळा.

बायनरी सर्चचं (क्रमवार यादी दर वेळी अर्धी करत शोधण्याचं) म्हणाल तर तीनशे नावांसाठी कशाला? 10 लाखांच्या क्रमवार अ‍ॅरेत ते फार तर 20 तुलनांत उत्तर देतं हे खरं, पण आधी सॉर्ट करायला, म्हणजे क्रम लावायला हवा. आणि जावास्क्रिप्टचं साधं सॉर्ट आकड्यांनाही मजकूर समजतं, त्यामुळे 10 हा 9 च्या आधी येऊन बसतो. त्याच यादीत पुन्हा पुन्हा शोधायचं असेल तर एकदाच सेट (प्रत्येक गोष्ट एकदाच ठेवणारा संग्रह) बनवा आणि त्याला हॅज, म्हणजे 'आहे का', विचारत राहा.

हो, आयडी जर फॉर्ममधून येत असेल तर तो मजकूर असतो, आकडा नाही. वरचं सगळं बरोबर लिहूनही काही सापडलं नाही, तर आधी त्या आयडीचा आकडा करून पाहा.